पाळी, इच्छा आणि शरीर: तीन महिन्यांची स्वतःची नोंद कशी ठेवायची

पाळीच्या अमुक दिवशी स्त्रीला अमुक वाटतं, असे रंगीत तक्ते हल्ली मोबाईलवर सारखे फिरत असतात. पहिला आठवडा थकव्याचा, दुसरा उत्साहाचा, चौदाव्या दिवशी कामेच्छा शिगेला, मग उतरण. हे तक्ते पूर्ण खोटे नाहीत. पण ते पाहून एखादी ‘मला तर तेव्हा काहीच वाटत नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे’ असं ठरवून बसते, तेव्हा त्यांनी नुकसान केलेलं असतं. संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) इच्छेवर परिणाम होतो, पण तो हलका असतो. अपुरी झोप, दगदग, अबोला, दिवस राहण्याची भीती यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा. तुमच्या बाबतीत कुठल्या गोष्टीचा किती वाटा आहे हे दुसऱ्याचा तक्ता सांगू शकत नाही. सलग तीन पाळ्यांची स्वतःची नोंद मात्र बरंच सांगते. ती कशी ठेवायची, कशी वाचायची आणि तिच्या आधारे काय करायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात: वही कुठे ठेवायची

आपल्याकडे कित्येक घरांत पाळीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठिपका देऊन लक्षात ठेवतात. तारखेपुरता तो ठिपका पुरेसा आहे, पण इच्छा, ओलावा, दुखणं या गोष्टी चारचौघांच्या नजरेसमोर लिहिता येत नाहीत. त्यासाठी छोटी वही घ्या आणि खुणा आधी ठरवून टाका: रक्तस्रावाला भरीव ठिपका, स्रावाला रेघ, इच्छेला आकडा. कुणाच्या हाती वही पडली तरी त्याला त्यातून काही उमगू नये. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईसाठी ही काळजी क्षुल्लक नाही.

ॲप वापरायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ॲपने दाखवलेला बीजांड सुटण्याचा दिवस हा बहुतेक वेळा मागच्या तारखांवरून बांधलेला अंदाज असतो. आणि तुमची माहिती कुणाकडे जाते हे तपासायला हवं. अमेरिकेत २०२१ साली फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने एका लोकप्रिय पाळी-ॲपवर वापरकर्त्या स्त्रियांची आरोग्यविषयक माहिती इतर कंपन्यांना पुरवल्याबद्दल कारवाई केली होती. मला विचाराल तर वहीच बरी.

पायरी १: दिवस मोजा

नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. आदल्या दिवशी नुसता डाग लागला असेल तर तो मोजायचा नाही. पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवशी हे चक्र संपतं. प्रौढ स्त्रीमध्ये २४ ते ३८ दिवसांचं चक्र नेहमीचं मानतात. २८ दिवसांचा आकडा आपल्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की २६ किंवा ३२ दिवसांनी पाळी येणारीला आपलं काहीतरी बिघडलंय असं वाटत राहतं. २०१९ साली सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बरोबर २८ दिवसांची निघाली फक्त १३ टक्क्यांच्या आसपास.

आत काय चाललेलं असतं ते थोडक्यात. पाळीच्या सुरुवातीपासून बीजकोषात एक बीजांड वाढीला लागतं आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत जातं. ते पुरेसं वाढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक झपाट्याने सोडते आणि पुढच्या दीड दिवसात बीजांड बाहेर पडतं. बीजांड सुटून रिकाम्या झालेल्या जागेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक तयार करतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड बारा ते चौदा दिवसांत विरतो, संप्रेरकं उतरतात, पाळी येते.

यातला उत्तरार्ध बऱ्यापैकी ठरलेला असतो. लांबतो किंवा आखूड होतो तो पूर्वार्ध. म्हणून परीक्षा, परगावचा प्रवास, आजारपण यांनी पाळी पुढे जाते तेव्हा बहुधा बीजांडच उशिरा सुटलेलं असतं. ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीजांड साधारण एकविसाव्या दिवशी सुटेल, २४ दिवसांचं असेल तर दहाव्या दिवशी. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे २४ दिवसांचं चक्र असणारीला पाचव्या दिवसापासून दिवस राहू शकतात, आणि तेव्हा कदाचित रक्तस्राव पुरता थांबलेलाही नसेल. ‘पाळीत संबंध आले तर काही होत नाही’ या समजुतीवर विसंबू नका.

हे गणित माणसाला फार उशिरा कळलं. एकोणिसाव्या शतकातले पाश्चात्त्य डॉक्टर दोन पाळ्यांच्या मधले दिवस ‘सुरक्षित’ म्हणून सांगत, म्हणजे नेमके उलटे. जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे खरा हिशेब मांडला. त्याच सुमारास, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं होतं. पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यातल्या एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. मराठीत या विषयावर सरळ बोलण्याची वाट इतकी जुनी आहे. तिच्यावरून चालायला आज संकोच वाटावा, याचं मला वाईट वाटतं.

पायरी २: स्राव ओळखा

‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन असंख्य बायका दवाखान्यात जातात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा स्राव निरोगी असतो. त्याने हाडं झिजत नाहीत, अशक्तपणा येत नाही. गर्भाशयमुखातून येणारा हा स्राव चक्राबरोबर बदलतो, आणि बिनपैशाची इतकी चांगली खूण दुसरी नाही.

रोज लघवीला गेल्यावर स्वच्छ टिश्यूने किंवा धुतलेल्या बोटांनी योनीच्या तोंडाशी पुसून पाहा. पाळी संपल्यावर काही दिवस बहुधा कोरडं लागतं. मग चिकट, पांढरट, क्रीमसारखं. त्यानंतर एक-दोन ते चार दिवस असे येतात की स्राव पारदर्शक, निसरडा, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा होतो आणि दोन बोटांत धरला तर तार निघते. हा इस्ट्रोजेनचा जोर. असा स्राव दिसणारा शेवटचा दिवस आणि बीजांड सुटण्याचा दिवस बहुधा जवळजवळ असतात. पुढे प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू झाला की स्राव पुन्हा घट्ट होतो किंवा थांबतो. वहीत चार शब्द पुरतात: कोरडं, चिकट, क्रीम, तार.

लैंगिक उत्तेजनेने येणारा ओलावा याहून वेगळा. तो योनीच्या भिंतींतून पाझरतो, पाण्यासारखा असतो आणि थोड्या वेळाने वाळून जातो. त्यामुळे संबंधानंतर लगेच स्राव तपासू नका; वीर्य, ओलावा आणि स्राव यांची गल्लत होते.

दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि खाज, मासळीसारखा वास, हिरवा-पिवळा रंग, ओटीपोटात दुखून ताप, हे मात्र जंतुसंसर्गाचं लक्षण. तेव्हा डॉक्टरांकडे जा. सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ किंवा आतून धुणं या दोन्हींची गरज कधीच नसते; बाहेरून साधं पाणी पुरे.

बारकाईने पाहायचं असेल त्यांनी सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्याआधी, तोंडातलं तापमान घ्यावं. बीजांड सुटल्यावर ते ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर लागतो. मूल हवं असणाऱ्यांना याचा उपयोग अधिक. इच्छेच्या नोंदीसाठी स्रावाची खूण पुरते. आणि एक स्पष्ट सांगते: ही नोंद म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. मूल नको असेल तर निरोध, गोळी, तांबी, जे काही वापरता ते चालूच ठेवा.

पायरी ३: इच्छेची नोंद, आणि ती येते कशी

बहुतेक जणी इथेच अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगते.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन जोडीने प्रयोगशाळेत ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांची निरीक्षणं करून १९६६ साली शरीराच्या प्रतिसादाचे चार टप्पे मांडले: उत्तेजना, स्थिर टप्पा, ऑरगॅझम म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, आणि शरीर पूर्ववत होणं. उत्तेजनेत जननेंद्रियांकडे रक्त धावतं, ओलावा सुटतो, क्लिटोरिस (योनीच्या वरच्या बाजूचा अतिसंवेदनशील अवयव) फुगतं, योनीचा आतला भाग लांब-रुंद होतो आणि गर्भाशय वर उचललं जातं. याला वेळ लागतो. घाईने केलेल्या संभोगात दुखतं त्याचं एक साधं कारण हेच: आतली जागा अजून तयार झालेली नसते.

या मांडणीत इच्छेला जागाच नव्हती. ती नंतर हेलन सिंगर कॅप्लन यांनी सुरुवातीला जोडली. पुढे २००० साली कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी सांगितलं की अनेक स्त्रियांमध्ये, खासकरून जुन्या नात्यात, इच्छा आधी येतच नाही. जवळीक हवीशी वाटते, सुरुवात होते, स्पर्श सुखाचा लागतो, आणि मग इच्छा जागी होते. हे वाचून कित्येक जणींच्या मनावरचं ओझं उतरावं. दिवसभर इच्छा मनात आली नाही, हा आजार नाही. मात्र यातून ‘आधी नाही म्हणाली तरी सुरू करा, मग तिला आवडेल’ असा अर्थ कुणी काढू नये. सुरुवातीला तिची मनापासून तयारी हवीच, आणि मध्येच थांबायची मुभाही.

लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटशी संबंधित संशोधक जॉन बॅन्क्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी आणखी एक उपयोगी विचार दिला. मेंदूत कामेच्छेचा ॲक्सिलरेटर वेगळा आणि ब्रेक वेगळा असतो. इच्छा कमी आहे असं वाटणाऱ्या बाईचा ॲक्सिलरेटर पुष्कळदा ठीक असतो, ब्रेक दाबलेला असतो. पलीकडच्या खोलीत सासू-सासरे जागे आहेत, दाराची कडी नीट लागत नाही, पहाटे पाच वाजता पाणी भरायला उठायचंय. अशा वेळी केशर-बदाम किंवा ‘शक्तिवर्धक’ चूर्ण काय करणार?

तेव्हा रोज रात्री तीन गोष्टी लिहा. इच्छेचा आकडा ० ते ३. ती आपोआप आली असेल तर ‘आ’, जवळीक सुरू झाल्यावर आली तर ‘स’. आणि त्या दिवशी ब्रेक कशाने लागला किंवा सुटला, ते एका शब्दात: ‘झोप’, ‘भांडण’, ‘एकांत’, ‘मुलाचा ताप’. संबंध आले नाहीत त्या दिवशीही आकडा लिहायचाच, कारण आपण इच्छा मोजतो आहोत, संबंधांची संख्या नव्हे. जोडीदार नसलेल्यांनीही ही नोंद ठेवावी. हस्तमैथुनाने शरीराला अपाय होत नाही, आणि आपल्याला काय आवडतं हे कळायचा तो सरळ मार्ग आहे.

संबंध आले तर आणखी दोन खुणा: सुख मिळालं का, आणि दुखलं का. दुखलं तर कुठे, हे आवर्जून लिहा. योनीच्या तोंडाशी जळजळ झाली, आत शिरतानाच आवळून आलं, की आत खोलवर कळ आली? डॉक्टरांसाठी या तिन्हींचे अर्थ वेगळे असतात.

सुखाच्या नोंदीत अनेक जणींना महिनोन्‌महिने नकारच दिसेल, आणि त्यामागे पाळीचा काहीच संबंध नसेल. क्लिटोरिस म्हणजे बाहेर दिसणारा मण्याएवढा बिंदू तेवढाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की त्याचा मोठा भाग आत, योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. अमेरिकेतल्या २०१८ सालच्या एका सर्वेक्षणात फक्त संभोगाने ऑरगॅझम येतो असं सांगणाऱ्या स्त्रिया १८ टक्क्यांच्या आसपास होत्या. बाकीच्यांपैकी बहुतेकींना क्लिटोरिसला स्पर्श लागतो किंवा त्याने सुख वाढतं. हे जोडीदाराला सांगावं लागतं. त्याला ते आपोआप कळेल अशी अपेक्षा ठेवून वर्षं निघून जातात.

ओलाव्याबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. शरीर ओलं झालं म्हणजे मन राजी आहे असं नसतं, आणि मन राजी असूनही कोरडं राहू शकतं. स्त्रियांमध्ये या दोन्हींचा मेळ पुरुषांपेक्षा कमी बसतो, असं अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलं आहे. तिचा होकार तिच्या तोंडून यायला हवा.

पायरी ४: तीन पाळ्यांनंतर वही उघडा

तिन्ही चक्रं एकाखाली एक लिहा, पहिला दिवस पहिल्या दिवसाखाली. ‘तार’ स्रावाचे दिवस गोल करा. आता इच्छेचे आकडे पाहा.

त्या गोल केलेल्या दिवसांच्या आसपास २ आणि ३ जास्त दिसले तर तो इस्ट्रोजेनचा कल. जेम्स रोनी आणि झॅकरी सिमन्स यांनी २०१३ साली हेच दाखवलं: इस्ट्रोजेन वाढलेलं असताना इच्छा थोडी वाढते, प्रोजेस्टेरॉन वाढल्यावर कमी होते. काहींचे आकडे पाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत किंवा पाळी चालू असताना चढतात. तेव्हा ओटीपोटात रक्ताचा भरणा जास्त असतो, शिवाय दिवस राहण्याची धास्ती कमी वाटते. आणि काहींच्या आकड्यांत चक्राचा मागमूसही नसतो. हे सगळंच निरोगी आहे.

मग ब्रेकचे शब्द पाहा. माझ्या मते वहीतला हा सर्वांत मोलाचा भाग. शून्याच्या दिवसांसमोर ‘झोप’ पुन्हापुन्हा येत असेल तर औषधाआधी रात्रीच्या कामांची वाटणी बदलायला हवी. नुसता ‘थकवा’ सारखा दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. थायरॉईडही तपासून घ्यावं.

पाळीआधीचा आठवडा दर वेळी चिडचिड, रडू, स्तन दुखणं यांनी भरलेला असेल तर तो पाळीपूर्व त्रास. तो इतका वाढत असेल की जगणं नकोसं वाटतं, आणि पाळी आल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरतो, तर त्याला उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना वहीच दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर पाळीची वाट न पाहता टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो सरकारी आणि विनामूल्य आहे.

गोळ्या आणि तांबी

संप्रेरकांच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना बीजांड बहुधा सुटत नाही, त्यामुळे वर सांगितलेली लाट दिसणार नाही. महिन्याला येतो तो रक्तस्राव गोळी थांबवल्याचा. गोळीने काहींची इच्छा घटते, काहींची वाढते, बऱ्याच जणींना फरक जाणवत नाही. घटली असं वाटलं तर गोळी सुरू केल्याची तारीख वहीत असू द्या आणि दुसऱ्या गोळीबद्दल विचारा. तांब्याच्या तांबीने चक्र तसंच राहतं, रक्तस्राव मात्र वाढू शकतो. सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, बिगर-संप्रेरक आहे. तिने पाळी लांबू शकते. नैराश्यावरच्या काही औषधांनी ऑरगॅझम उशिरा येतो किंवा येत नाही. औषध मनाने बंद करू नका; पर्याय असतात.

पाळीत संबंध, आणि कोरडेपणा

दोघांची इच्छा असेल तर पाळीत संबंधांनी अपाय होत नाही. काहींची कळ त्याने उतरते. निरोध वापरा, कारण रक्तातून संसर्ग पसरण्याचा धोका असतो. टॅम्पॉन किंवा नेहमीचा मेन्स्ट्रुअल कप आधी काढायचा. जाड टॉवेल अंथरा. नको असेल तर नको. त्याला कारण द्यावं लागत नाही.

बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना आणि पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनी कोरडी पडते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते, त्याआधी काही वर्षं ती पुढेमागे होत असते. पाण्यावर आधारलेलं जेल औषधाच्या दुकानात मिळतं. खोबरेल तेल निरोधबरोबर कधीच वापरू नका, लॅटेक्स फाटतं. पाळी गेल्यावरच्या कोरडेपणाला डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. ‘या वयात कशाला’ म्हणून गप्प बसणाऱ्या बायकांनी हे जरूर विचारावं.

पायरी ५: डॉक्टरांपुढे काय बोलायचं

तीन महिने पाळी आली नाही, सात-आठ दिवसांहून जास्त रक्त जातंय, तासाला पॅड भिजतोय, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातंय, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग लागला, तर वही पुरी व्हायची वाट पाहू नका, लगेच दाखवा. पाळीत असह्य कळा आणि संबंधात आत खोल दुखणं, ही जोडी एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराची, असू शकते. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘मूल झालं की थांबेल’ यावर वर्षं घालवू नका. आत शिरतानाच स्नायू आवळून येत असतील तर तो हट्ट किंवा नाटक नाही. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात आणि समुपदेशन व व्यायामांनी तो बहुतेकींचा बरा होतो.

तपासणीच्या खोलीत शब्द फुटत नाहीत, म्हणून वाक्यं आधीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून न्या. ‘संबंधाच्या वेळी आत डाव्या बाजूला कळ येते, गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा आली, बहुतेक पाळीच्या आधी.’ ‘इच्छा होते पण कोरडं राहतं.’ ‘गोळी सुरू केल्यापासून इच्छा गेली आहे.’ ‘मला आजवर ऑरगॅझम आलेला नाही, त्याबद्दल बोलायचं आहे.’ बोलवत नसेल तर पान पुढे करा. नवरा किंवा सासू आत असेल तर ‘मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय’ म्हणा. तो तुमचा हक्क आहे. आणि डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, हीच वही घेऊन.